मुक्कामवहीतली ओली सतरंजी

आमच्या नौदलातल्या खास कमांडोंविषयी जे काही छापून आले आहे, ते जवळजवळ सगळे मी वाचले आहे: एकवीस पुस्तके, साडेतीनशे लेख आणि निवृत्तांच्या मुलाखतींचे एक जाडजूड बाड. त्यातून एवढेच सिद्ध होते की जे तिथे होते ते बोलत नाहीत आणि जे बोलतात ते तिथे नव्हते. गोठत्या पाण्यात तासन्‌तास दबा धरणारी, आठवडाभर न झोपणारी, माग न ठेवता डोंगर ओलांडणारी माणसे या पुस्तकांत पानोपानी भेटतात. त्यांतल्या एकालाही कधी सर्दी होत नाही. इतिहासाची प्राध्यापक म्हणून मी तीस वर्षे या तुकडीच्या लौकिकाचा अभ्यास केला. तुकडीचा नव्हे, लौकिकाचा. तुकडीने मला दारातही उभे केले नाही. दर दोन वर्षांनी मी पत्र पाठवते आणि दर दोन वर्षांनी चार ओळींचे सभ्य उत्तर येते. त्या चार ओळीही दर वेळी त्याच असतात.

निवृत्तीनंतर मी गिर्यारोहण मंडळाच्या एका केबिनची देखरेख पत्करली. फ्योर्डपासून, म्हणजे डोंगरांत खोल घुसलेल्या आमच्या खाडीपासून वर, स्कीवर दोन तास, खिंडीच्या अलीकडे ती आहे. लाकडे किती उरली, छपरावर बर्फ किती साचले हे पाहायचे आणि मुक्कामवही वाचायची. केबिनमध्ये शिरणारा प्रत्येक जण त्या वहीत आपले नाव, कुठून आलो, कुठे निघालो आणि हवा कशी आहे, हे लिहितोच. कुणी वाटेत गाडला गेला तर कुठे खणायचे, ते त्या ओळीवरून कळते. आमची पोरे हे आधी शिकतात, प्रार्थना नंतर.

मार्चमधल्या त्या गुरुवारी सकाळी मी वही उघडली आणि शेवटची नोंद वाचून बाकावर बसले.

‘आयलिफ हामनविक. स्कार्ववात्नहून आलो. खिंडीतून लांगविकाला जातो. वारा जोराचा, समोरचे दिसत नाही. चुलीजवळची सतरंजी ओली झाली, माफ करा. बुधवार, पहाटे पाच.’

सोमवारपासून डोंगरात कमांडोंच्या निवडीची शेवटची परीक्षा चालली होती, हे खाली दुकानात सगळ्यांना ठाऊक होते. अकरा उमेदवारांनी एकेकट्याने, कुणाच्या नजरेस न पडता, गुरुवारी उजाडेपर्यंत लांगविका गाठायचे. मागावर सैनिक आणि कुत्री. सापडला तो घरी. आयुष्यात दोनदाच प्रयत्न करता येतो. आणि इथे त्या भावी सावल्यांपैकी एकाने स्वतःचे नाव, निघण्याची वेळ आणि पुढचा मुक्काम निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. माझ्या एकवीस पुस्तकांपैकी एकातही याची तरतूद नव्हती.

दुपारी दारात स्नोस्कूटर थांबली. पुढे रुंद खांद्यांचा, दाढीत बर्फ साचलेला पन्नाशीचा गृहस्थ होता. मागे एक तरुण, अंगावर सात क्रमांकाची पट्टी, ओठ फुटलेले.

“बोर्गहिल्ड तूच ना? पत्रं लिहितेस ती?”

“आणि उत्तरं लिहितोस तो तू?”

“छे! त्याला आमच्याकडे वेगळा माणूस आहे. तुझं पाकीट आलं की बिचारा दोन दिवस जेवत नाही.” त्याने हातमोजे काढले. “मी ओडगैर. परीक्षा माझ्याकडे असते. हा आयलिफ. तुमची ती वही कुठाय? एका पानाचा फोटो घ्यायचाय.”

“कशासाठी?”

“दहा जण सापडले. हा एकटा सुटला. कसा सुटला ते ऐक.” ओडगैर बाकावर ऐसपैस बसला. तुकडीतल्या माणसाने मला आपणहून काही सांगण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी श्वासही जपून घेतला. “काल सात वाजता कुत्रेवाले इथं आले. वाऱ्यानं माग पुसलेला, कुत्र्यांना वास लागेना. मग त्यांनी वही उघडली आणि पोट धरधरून हसले. म्हणे, आपल्याला येडं समजतो का हा? कमांडो होणारा माणूस खरी वाट लिहील होय? म्हणजे हा नक्की पूर्वेला गेला! गेले की सगळे पूर्वेला. आणि हे महाशय जिथं लिहिलं तिथंच, लांगविकाला, आज उजाडायच्या आत हजर!”

आयलिफ दाराशी उभा होता. तो हसला नाही.

“खरं सांगून फसवायचं!” ओडगैरने वहीवर फोन धरला. “पुढच्या वर्षीच्या पोरांना पहिल्याच दिवशी हे पान दाखवणार आहे. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.”

एरवी एखाद्या दंतकथेपाशी मी पोचते तेव्हा तिला चाळीस वर्षे झालेली असतात, साक्षीदार वारलेले असतात आणि तिच्यावर एखादे जाड पुस्तकही निघालेले असते. ही माझ्या डोळ्यांदेखत, दुपारी सव्वाबाराला, जन्म घेत होती. मी ती नोंद पुन्हा वाचली. फसवणारा माणूस खोटी वाट लिहील, फार हुशार असेल तर खरी लिहील. पण तो सतरंजीबद्दल माफी कशाला मागेल?

ते मी बोलले नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालणाऱ्यांवर मी तीस वर्षे टीका केली आहे. फक्त विचारले, “आयलिफ, सतरंजी खरंच भिजली होती?”

“हो. पिळून वाळत घातलीय. आतल्या दोरीवर.”

“बघ, बारकावे बघ!” ओडगैर खूश झाला.

“ओडगैर,” आयलिफ म्हणाला, “मी कुणाला फसवायला लिहिलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“आत आलो, चूल पेटवली, वही दिसली, लिहिलं. झोप नव्हती. हात आपला चालला. खिंडीत पोचल्यावर डोक्यात उजेड पडला. परत फिरावं तर वारा उभा राहू देईना. तिथंच बसून स्वतःला शिव्या घातल्या.”

“कुत्रेवाल्यांना बोललास हे?”

“नाही. तुम्हीच दोघं पहिले.”

“कितवी खेप तुझी?”

“दुसरी.”

“तिसरी नसते, माहितीये ना?”

“माहितीये.”

“मी विचारलं तरी होतं का रे, गाढवा?”

“तेच ना. लांगविकापासून वाट बघतोय, आता विचारशील, मग विचारशील. तू आपला फोटोचंच बोलतोयस.”

चुलीत एक ओले लाकूड चरचरत होते. ओडगैरने वही पुढे ओढली आणि त्या पाच-सहा ओळी बोट ठेवत वाचल्या, जणू आत्ताच पहिल्यांदा वाचत होता. सतरंजीपाशी बोट थांबले.

“मग तू बुधवारी सकाळी सातलाच सापडलास,” तो शेवटी म्हणाला. “पकडणाऱ्यांना कळलं नाही, एवढंच. पुढच्या वेळी कळेल, आणि तेव्हा तुझ्याबरोबर बोटीत आणखी पाच जण असतील. नशिबावर मी माणूस घेत नाही.”

“हो.”

“तू बोलला नसतास ना, तर तू आत होतास.”

“हो.”

दोन्ही ‘हो’ एकाच सुरात आले. त्या सुराचे वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

“फोटोचं काय करणार?” मी विचारले.

“ठेवणार. गोष्ट कामाची आहे.”

“ती खोटी आहे हे आता तुला ठाऊक आहे.”

“कामाला येते ना? मग झालं.”

या दंतकथा टिकतात कशा, या ज्या प्रश्नाच्या मागे मी तीस वर्षे अभिलेखागारांची धूळ खाल्ली, त्याचे संपूर्ण उत्तर पाच शब्दांत, दाढीतले बर्फ पुसता पुसता मिळाले. जोरात बोलण्यासारखे समोर काहीच नव्हते. असलाच तर एक सरळ, कार्यक्षम माणूस होता.

“मग माझं नाव त्यात नको,” आयलिफ म्हणाला. “खोट्या गोष्टीत नको.”

ओडगैरने त्याच्याकडे पाहिले. मग आधीचा फोटो काढून टाकला, नावावर अंगठा ठेवला आणि त्याच पानाचा दुसरा घेतला.

“पट्टी दे.”

आयलिफ गाठीशी झटापट करू लागला. बोटे सुजली होती, वळत नव्हती. ओडगैर उठला, त्याच्यामागे गेला आणि पोराचा कोट काढावा तशी ती गाठ सोडवली. सात क्रमांक घडी करून खिशात गेला. मी तपकिरी चीजचे पाव कापून ठेवले. आयलिफने पहिला दोन घासांत संपवला, दुसरा हातात धरून बसला. तो रडेल असे मला वाटले होते. त्याने विचारले,

“बाकीचे दहा कसे सापडले?”

“तुला काय करायचंय आता?”

“जाणून घ्यायचंय.”

ओडगैरने माझ्याकडे एकदा पाहिले. माझी पेन्सिल खिशातच होती, ती मी तिथेच राहू दिली. त्याने मग स्वतःसाठी कॉफी ओतली.

“एक जण बर्चच्या झाडाखाली घोरत होता. कुत्रं त्याच्या उशाशी बसून राहिलं, उठवलंसुद्धा नाही. दुसऱ्यानं वाळवलेला कॉड मासा खाल्ला, आणि त्या वासानं चारही कुत्री ओढीत आली. तिसरा तर...” तो थांबला, हसू दाबले. “तिसऱ्याला समोरून एक म्हातारी स्कीवर आली. गळ्यापर्यंत बर्फात दडला होता, पण तिनं ‘नमस्कार, छान दिवस आहे’ म्हटल्यावर यानं उत्तर दिलं.”

“न देऊन कसं चालेल?” आयलिफ म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच हसला. फुटलेल्या ओठातून रक्त आले. “आणि चौथा?”