परस्पर तोडलेला हिटर

चाकूरहून लातूरला निघालेल्या सिंधुला उसाची ट्रॉली दिसली, तेव्हा ती बोनेटला टेकायचीच बाकी होती. बाहेर धुकं आणि आतून काचेवर वाफ. हिटर सगळा फिरवून ठेवलेला, तरी जाळीतून गार हवाच येत होती. एका हातानं ओढणीनं काच पुसत असतानाच समोर ऊस उभा राहिला. तिनं करकचून ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

लातूरच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. रोज पहाटे निघावं लागे. गाडी जुनी असली तरी तिची होती. उमरीच्या तिच्या वडिलांनी, शेषेरावांनी, नवी घेतली तेव्हा ही लेकीला दिली होती.

काम सुटल्यावर तिनं गाडी थेट वैजनाथच्या गॅरेजला लावली.

"साहेब न्हाई आले?" वैजनाथनं विचारलं.

"गाडी मी चालवते. हिटर चालत न्हाई."

"ताई, आपल्याकडं हिटर कुणाला लागतो? बारा महिने तर ऊन."

तिनं बोनेट उघडलं आणि इंजिनापासून निघालेल्या रबरी पाइपवर बोट ठेवत गेली. गरम पाणी आत न्यायचे आणि परत आणायचे असे दोन पाइप असतात, एवढं वडिलांच्या शेजारी बसून तिनं पाहिलेलं होतं. इथं ते दोन्ही पाइप आत जातच नव्हते. एक लोखंडी नळी घालून एकमेकांना जोडून टाकले होते.

"हे कुणी केलं?"

वैजनाथ हात पुसत राहिला. "मीच. उन्हाळ्यात आत गरम हवा येऊन राहिली होती. गरम पाणी अडवणारा वॉल्व्ह जाम झालेला. साहेब म्हणाले, काढूनच टाक."

सिंधुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अगं, तुझ्या सोयीसाठीच केलं," दयानंद म्हणाला. "लई गरम व्हायचं ना तुला?"

"मग मला सांगायचं. आज ट्रॉलीखाली गेले असते मी. गाडी माझी, रस्ता माझा, आणि काय तोडायचं ते तुम्ही दोघं ठरवता."

तिनं फोन बंद केला.

"हे पाइप होते तसे जोडा," ती वैजनाथला म्हणाली.

"जोडीन, पण वॉल्व्ह मिळत न्हाई या गाडीचा. परत मे महिन्यात शिव्या देताल मला."

सिंधुनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारी फवारणी पंपाचं दुकान होतं. ती गेली आणि पाइपात बसेल असा, पाणी चालू-बंद करायचा पितळी कॉक घेऊन आली. "हा बसवा. थंडीत उघडा ठेवीन, उन्हाळ्यात बोनेट उचलून बंद करीन."

"गळंल तो."

"गळला तर बघू. न विचारता तोडण्यापेक्षा बरं."

कॉक बसला, क्लिप आवळल्या. गाडी चालू केली तरी हवा गारच. वैजनाथनं 'सांगितलं होतं' अशा नजरेनं पाहिलं. सिंधुनं पाइपला हात लावला. एक तापलेला, दुसरा गार. पाणी पुढं सरकतच नव्हतं.

"पाइपात हवा धरली असंल," वैजनाथ पुटपुटला. आता त्यालाही चेव आला होता. इंजिन गार होऊ दिलं, गाडीचं नाक उतारावर वर करून लावलं, रेडिएटरचं झाकण काढून तो पाणी ओतत राहिला. बुडबुडे आले, थांबले, परत आले. हळूहळू दुसरा पाइपही तापला आणि जाळीतून गरम हवा सुटली. कॉक एका बाजूनं जरासा पाझरत होता. त्यानं क्लिप आणखी आवळली, तेव्हा तो कोरडा झाला.

"गाडीसाठी कुणाचा फोन नंबर ठेवलाय?" तिनं निघताना विचारलं.

"साहेबांचा."

"तो काढा. माझा घ्या."

त्यानं तो लिहून घेतला.

घरी दयानंदनं दारातच विचारलं, "झाला ना चालू? मग आता राग कशाचा?"

"हिटर चालू झाला," सिंधु चपला काढत म्हणाली. "मला न विचारता तोडलात, ते तसंच हाय."

तो म्हणाला, "चुकलं माझं." आवाज खरा होता, तिला कळलं. तरी त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही.

पहाटे रस्त्यावर पुन्हा धुकं होतं. काच खालून वर स्वच्छ होत गेली. पुढं एक ट्रॉली चालली होती, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. सिंधुनं ती लांबूनच पाहिली, वेग कमी केला, आणि शेजारून जाताना ट्रॅक्टरवाल्याला काच खाली करून चांगलं सुनावलं.