आठ दिवस खिशात

“हे खेळणं कुणी आणलं?” आबांनी नवा चाकू तळहातावर तोलत विचारलं.

“मीच केलाय. माप तुमच्याच चाकूचं, केसभरही इकडेतिकडे नाही,” सून म्हणाली. “फक्त मूठ शिंगाऐवजी कार्बन फायबरची, आणि पातं न गंजणारं.”

“वजन कुठाय याला? खिशातून पडला तरी कळायचं नाही.”

आबा घडीचे चाकू करणारे, तिसऱ्या पिढीतले. मुलाने या धंद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सून मात्र सायकलच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसली. घरचा नियम एकच होता. नव्या घडणीचा चाकू आठ दिवस आबांच्या खिशात राहायचा, किल्ल्यांसोबत. वापरून मनाला पटला, तरच मुठीच्या पितळी टोकावर घराण्याचा ठसा. या चाकूला ठसा मिळाला नाही तर आपण कारखान्यात परत जाऊ, हे सुनेने स्पष्ट सांगितलं होतं. मग दुकानाला कुलूपच.

आबांनी चाकू खिशात टाकला आणि चार दिवस बाहेर काढलाच नाही. त्याला कारण होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या अंगठ्यात जोर उरला नव्हता. स्वतःच्या हातचे चाकू त्यांना उघडता येत नव्हते, आणि हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं.

पाचव्या दिवशी शेजारचा कापडवाला गठ्ठा घेऊन आला. “आबा, ही दोरी तेवढी कापा. चाकूवाल्याच्या दारात दातांनी तोडू का?”

सबब चालणार नव्हती. आबांनी लाज गिळली आणि पात्याच्या खाचेत अंगठा रोवला. खट्. पातं अलगद उघडलं. आवाज मात्र जुनाच, वडिलांच्या चाकूचा.

कापडवाला गेला तरी आबा खाचेकडेच पाहत राहिले. एरवी नखापुरती असणारी खाच इथे रुंद होती, एका बाजूला जास्त खोल, थेट त्यांच्या वाकड्या अंगठ्याच्या मापाची. मग आठवलं. महिन्यापूर्वी खिडकीची काच बसवायला लांबी, म्हणजे मऊ पुट्टी, लावताना सून म्हणाली होती, “आबा, इथे जरा अंगठ्याने दाबा.” त्यांनी दाबलं होतं, आणि कामचुकार म्हणून तिलाच चार शब्द ऐकवले होते. तो लांबीचा गोळा नंतर तिने जपून आत नेला होता.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं जेवणानंतर फळ चिरूनच समोर यायचं, तेही उगाच नव्हतं. आबांचे डोळे भरून आले. एवढं सांभाळून घेणारं माणूस आपल्या वाट्याला आलं, याचं त्यांना नवल वाटलं.

नवव्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी फळांची टोपली स्वतःकडे ओढली. खट्. फोडी लहानमोठ्या झाल्या, एक तर पार चिरडली. ताटली त्यांनी सुनेपुढे सरकवली.

“दोन वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. आता तू खा.”

“आणि ठशाचं काय, आबा?”

आबांनी पातं पुसून चाकू मिटला. मग वडिलांच्या वेळचा ठसा काढून ताटलीशेजारी ठेवला. “तूच मार. हा चाकू विकायचा नाही, हा माझा. पुढचा चाकू आठ दिवस तुझ्या खिशात राहील.”

 सुनेने आधी चिरडलेली फोड उचलली.