गोठ्यामागचा पंप

क्रांतीचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. लेक वडूजला नांदायला गेली आणि त्याच पावसाळ्यात सयाजीचा दमा वाढला.

आरोग्य केंद्रातल्या चंदना सिस्टरनं नवरा-बायकोला समोर बसवून तोंडात औषध ओढायचा पंप शिकवला. आधी हलवायचा, श्वास पुरा सोडायचा, ओठांत घट्ट धरायचा, हळू ओढता ओढता दाबायचा, दहा मोजेपर्यंत दम धरायचा. मग चूळ भरून थुंकायची.

"बरं वाटलं तरी रोज दोन वेळा. आणि मावशी, मागचा आकडा बघत जा. दाबलं की उतरतो."

त्याची बायको हरणाबाई प्रौढांच्या वर्गात आकडे शिकलेली. सयाजी लाजून पंप घेऊन गोठ्यामागं जायचा. आला की ती पंप हातात घ्यायची. आकडा रोज उतरलेला. छाती मात्र वाजतच होती.

शिमग्याच्या तोंडावर शाळू ज्वारीच्या मळणीदिवशी ती शेण काढत होती. गोठ्यामागून आवाज आला, फुस्स, फुस्स. वाकून बघितलं, तर सयाजी पंप वाऱ्यावर उडवत होता.

"आवं! ह्ये काय?"

"वराडू नगं. नानासो म्हणला, पंपाची चटक लागती. मग मरूस्तवर सुटत न्हाई."

"आन् मला रोज आकडा दावत हुतासा?"

"तुजं बी समाधान आन् माजं बी."

"माज्या डोळ्यांत माती टाकलीसा की वं! आज मळणीला जाऊ नगा."

तो गेलाच. यंत्र सुरू झालं, भुसा उडाला आणि तासाभरात त्याची छाती बंद झाली. सिस्टरनं दिलेला अडीनडीचा निळा पंप तिनं तोंडाला लावला. ओढायलाच दम नव्हता.

सयाजीच्या दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. हरणाबाई गोठ्यात गेली आणि मागून तोच आवाज आला. नानासो, रिटायर फौजी, सयाजीचा जिवाभावाचा दोस्त, तोंडाला पंप लावून उभा.

"कवापास्नं, भावजी?"

"सात वरीस झाली, वैनी."

"मग त्यास्नी चटक लागती म्हणून का सांगितलंसा?"

"सारा गाव मला फौजी म्हनतो. पंप वडतो म्हणून कसं सांगू? चांगला हाय म्हणलो असतो, तर तुला कसं ठावं म्हणून इचारलं असतं त्यानं." तो धापा टाकत होता. पुन्हा दाबलं. औषध जिभेवरच गेलं.

तिचा हात त्याच्यावर उठला होता. तो तिनं पंपाला लावला.

"तसं न्हाई. आदी हालवा. श्वास सोडा. आता वडत वडत दाबा... एक, दोन, तीन..."

सयाजी तेवीस मार्च दोन हजार चोवीसला, शनिवारी, वडूजच्या दवाखान्यात नेताना वाटेवर जीपमध्ये वारला. त्याच्या रोजच्या पंपावर चौदा आकडा होता.