अपवादाचा रकाना

पूर्वी निविदांची पाकिटं कात्रीने कापावी लागत. आता दुपारचे दोन वाजले की सॉफ्टवेअर आपलं आपण सगळे दर मांडून मोकळं होतं. अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खरेदी खात्याची प्रमुख लॉर्ना क्विस्ट नुसती बघत बसली. हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर मीठ-वाळू टाकायचं कंत्राट होतं, पुरवठादार दोनच: गावातला डेलमर ट्वीट आणि दूरच्या फार्गो शहरातली एक कंपनी. डेलमरचा दर कमी, पण त्याची ओळ लालभडक.

अट अशी होती की हिमवादळाचा निरोप मिळाल्यापासून चार तासांत ट्रक पोचला पाहिजे. 'अटींना काही अपवाद?' या रकान्यात फार्गोच्या कंपनीने लिहिलं होतं, 'नाही.' डेलमरने लिहिलं होतं, 'वादळ मोठं असलं तर चर्चच्या चढावर अर्धा तास उशीर होईल. आधीच सांगून ठेवतो.'

अरे बाबा, तुला कुणी सांगितलं होतं इतकं खरं बोलायला? बावीस वर्षं हेच काम केलेला माणूस! फार्गोहून इथे यायला कोरड्या रस्त्यानेच तीन तास लागतात. वादळात ते कसले येताहेत डोंबल! पण त्यांनी 'नाही' लिहिलं, आणि यंत्राला तेवढं पुरलं.

खुलासा मागायची सोय होती. लॉर्नाने मागितला, मुदत चारपर्यंत. साडेतीनला डेलमर स्वतःच कचेरीत हजर.

"लॉर्ना, तुझं ते पत्र उघडेना. काय हवंय तुला?"

"अपवाद मागे घेता का, एवढंच. इथेच बसा, माझ्यासमोर भरा."

"मागे घेऊ म्हणजे? चढ काय मी काढून नेऊ?"

"काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही डेलमर, नोकरी जाईल माझी. पण रकाना छोटा आहे. एका शब्दात भागतं."

डेलमरला कळलं. हे कंत्राट गेलं तर दोन्ही ट्रक विकायचे, तिन्ही ड्रायव्हरांना घरी पाठवायचं, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने एका बोटाने 'नाही' टाइप केलं. मग खोडलं.

"वीस मिनिटं लिहू का? नव्या टायरांवर वीस मिनिटांत जमेल."

"वीस मिनिटं म्हणजे अपवादच झाला हो!" लॉर्ना चिडून म्हणाली. तिला रडू येत होतं.

"मग अपवादच म्हण," तो म्हणाला, आणि 'वीस मिनिटं' लिहून बटण दाबलं.

चार वाजले. नकाराचं कारण निवडल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. यादी उघडली: दर जास्त, कागदपत्रं अपुरी, अटी अमान्य. लॉर्नाचा हात माउसवर थांबून राहिला. कुठलं कारण त्याच्या मनाला कमी लागेल, तेच ती शोधत होती.

डेलमरने चष्मा लावून यादी वाचली.

"तिसरं दाब," तो म्हणाला. "पहिलं दाबलंस तर खोटं होईल."