उजवीकडे दिसलेली डावी दाढ

दाताच्या दवाखान्यात काउंटर सांभाळणाऱ्या ताईंनी बेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं, तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, आता कॉम्प्युटरची धडगत नाही."

दवाखान्यातलं नवं एक्स-रे मशीन जबड्याचे फोटो आडवे पाठवायचं. विकणारा आज येतो, उद्या येतो करत होता आणि डॉक्टरबाई मान वाकडी करकरून फोटो बघत होत्या.

"मॅडम, फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ताच की," ताई म्हणाल्या. "तो फिरवायचा, बस. करून बघू?"

"बघा बाई. माझी मान दुवा देईल तुम्हाला."

ताईंनी आडवी ओळ उचलून उभी ठेवायची, असा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोटो सरळ यायला लागले. डॉक्टरबाई खूश, ताई त्याहून खूश.

दुपारी जरा निवांत वेळ मिळाला म्हणून ताई पुढचा धडा वाचत बसल्या. धड्यात सांगितल्याप्रमाणे कागदावर एक ते नऊ आकडे तीन ओळींत लिहिले आणि कागद हाताने उजवीकडे वळवला. वरच्या डाव्या कोपऱ्यातला एकचा आकडा वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. मग तेच आकडे आपल्या प्रोग्रॅमला दिले. तिथे एकचा आकडा जागचा हललाच नाही!

तक्ता फिरला नव्हता, आरशातल्यासारखा उलटा झाला होता. सकाळपासून प्रत्येक फोटोत डावं ते उजवं दिसत होतं. आणि आत खुर्चीवर बसलेल्या टेलरकाकांची दाढ काढायची होती.

ताई धावतच आत शिरल्या. "मॅडम, थांबा! फोटो उलटाय. माझं चुकलं. उजवीकडे दिसतेय ती दाढ डावीकडची आहे!"

डॉक्टरबाईंच्या हातात पक्कड होती. ती त्यांनी शांतपणे खाली ठेवली.

"तरीच! फोटो म्हणतोय उजवी, काका म्हणतायत डावी. ठोकून पाहिलं तर डावीलाच ओरडले. म्हणून इंजेक्शनही डावीकडेच दिलंय. अहो, नुसता फोटो बघून मी दाढ उपटेन होय?"

काका बधिर जिभेने बोबडं बोलले, "दुखणं माझं. पत्ता मलाच ठाऊक अशणार."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं, मग काकांची दाढ काढली. डावीच.

प्रोग्रॅमला एकच ओळ कमी होती: उभी-आडवी अदलाबदल झाली की तक्त्याची प्रत्येक ओळ उलट्या क्रमाने मांडायची. ताईंनी ती घातली. आता पहिली ओळ आली सात, चार, एक. कागद वळवल्यावर दिसत होतं अगदी तस्संच.

मग त्यांनी सकाळच्या तिघांची कागदपत्रं काढली. दोघांची नुसती तपासणी झाली होती. तिसरा सुई बघूनच पळाला होता. कुणाच्याच दाताला धक्का लागलेला नव्हता. ताईंनी चपला काढल्या, टेबलाखाली पाय लांब केले आणि डबा उघडला.