समीक्षाच्या गणिताची जागा

मित्रांनो, मी एक जुना माळा आहे, भात राखण्याचा. शहापूर आणि मुरबाडच्या सीमेवरच्या शेतात म्हादूआजोबांनी मला ऐनाच्या लाकडाच्या चार खांबांवर उभे केले. भातावर पोपट उतरले की माझ्यावर बसून डबा बडवायचा, एवढेच काम. वादळातही मी वाकलो नाही, तेव्हा गावाने आजोबांच्या हाताचे कौतुक केले.

पुढे राखणीला त्यांची नात समीक्षा येऊ लागली. मुंबईकडे उतरणारी विमाने दिसली की ती डबा विसरे. एकदा पोपटांनी बांधालगतचा तुकडा साफ केला. आजोबा म्हणाले, "इमान खाली येऊन भात राखणार हाय का गो?"

"मीच वरनं राखीन," ती म्हणाली.

दहावीनंतर तिने नीट चौकशी केली. वैमानिक व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. मग डॉक्टरी तपासणी, मग विमान चालवण्याचे शिक्षण. जवळच्या कॉलेजात विज्ञान नव्हते. शहापूरच्या एका कॉलेजात तिचे नाव लागले. पण प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि शेजारच्या रंगूकाकीच्या लावणीचा दिवस एकच आला.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. समीक्षाची आई तापाने झोपलेली, आजोबा थकलेले, वडील बाहेरगावी कामाला. घरातून जायला तीच उरली. काकीची रोपे उपटून ठेवलेली होती, ती सुकली असती. कॉलेज काही सुकणार नव्हते. सावडीत जमले नाही तर निरोप धाडतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. तो निरोप सगळे मानतात. तिनेही शहापूरला निघालेल्या गावातल्या अनिलबरोबर निरोप धाडला, माझी जागा ठेवा, उद्या येते.

दुपारी भाकरी खाताना ती शहापूरच्या रस्त्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी गणिताची जागा भरलेली होती. उरलेल्या जागांतून तिला गणिताऐवजी जीवशास्त्र मिळाले.

रंगूकाकीला हे कळले कापणीच्या वेळी, माझ्याच सावलीत. तिने विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाय, सांगितलं असतंस तर आमी चौघींनी लावली असती. तुझा दिवस नंतर घेतला असता." समीक्षा पायाची माती खरवडत राहिली.

नंतरची दोन वर्षे ती क्वचित आली. आली तरी वर बघत नसे. विमानाचा आवाज आला की मला वाटे, एकदा तरी हिने मान उचलावी. माझ्या एका खांबाला वाळवी लागली, त्याहून मला हेच जास्त लागले.

बारावीनंतर तिला कळले, गणिताची परीक्षा मुक्त विद्यालयातून वेगळी देता येते. ती पुन्हा माझ्यावर बसू लागली, मांडीवर गणिताचे पुस्तक घेऊन. पण पेपर नेमका कापणीत आला. या वेळी ती आधीच काकीकडे गेली. "काकी, माझा पेपर हाय. तुझ्या कापणीला मी नाय."

"मग इथं कशाला उभी? जा, अभ्यास कर."

आज तो पेपर आहे. माझ्यावर तिचे वडील डबा बडवत आहेत आणि मी रस्त्याकडे बघतो आहे.

मित्रांनो, जमले तर माझा तो खांब बदला. आणि शेजारच्या मुलीला कुठे जायचे आहे, ते तिला विचारा. त्या लावणीच्या दुपारी तिची नजर मला दिसत होती, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.