पंपाची लाल चिंधी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि माझ्या अंगावर एकच शब्द आहे, ‘द्राक्षमळा’. मित्रांनो, द्राक्षमळा म्हणजे द्राक्षवेली जिथे उभ्या असतात ती जमीन. पहिली वेल लावली त्या दिवशी मळ्याच्या धन्याने हा शब्द स्वतःच्या हाताने रंगवला. पुढे तो पत्त्यात गेला. वाटसरूंना लोक सांगू लागले, “द्राक्षमळ्यापाशी वळा.” माझ्यावाचून सगळे चुकतील, असा मला तोरा होता.

धन्याला त्याची सून ‘आबा’ म्हणे. मळ्यात ती दोघंच राबत. माझ्याखालच्या खिळ्यांवर फवारणीचे दोन पंप टांगलेले असत, एक वेलींच्या औषधाचा आणि एक तण मारणाऱ्या विषाचा. दोन्ही अगदी सारखे. म्हणून विषाच्या पंपाला लाल चिंधी बांधायची, अशी घरची शिस्त होती.

एका सकाळी वाऱ्याने एक कोवळी फांदी लोंबकळली. हाताशी सुतळी नव्हती. आबांनी पंपाची चिंधी सोडली आणि फांदी तारेला बांधली.

“पंपाला मागाहून दुसरी बांधू,” ते स्वतःशीच म्हणाले. ते ‘मागाहून’ मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून फवारणीला आली. तिने हाताला आलेला पंप पाहिला. चिंधी नाही, म्हणजे हा औषधाचाच. दुसऱ्या पंपाकडे तिने पाहिलंही नाही. पण तो विषाचा पंप होता आणि त्यात तळाशी उरलेलं विष तसंच होतं. त्यातच तिने औषध कालवलं आणि ती ओळीमागून ओळ फवारत गेली. माझा जीव नुसता तडफडत होता, पण मला एकच शब्द येतो.

चार दिवसांत पानं आक्रसली आणि शेंडे पिळवटले.

सून माझ्याखाली येऊन बसली. “आबा, माझ्या हातून मळा गेला.”

आबा म्हणाले, “चिंधी मी सोडली होती, पोरी.”

त्यांनी वाळलेल्या फांदीची चिंधी सोडून आणली आणि विषाच्या पंपाला घट्ट बांधली. बैल गेला आणि झोपा केला.

आता मळ्यात नुसते खांब आहेत. लोक अजून द्राक्षमळ्यापाशी वळतात आणि थबकून पाहतात. काल आबा माझ्यावरचा शब्द पुसून टाकायला आले होते, पण सुनेने त्यांचा हात धरला. नव्या वेली लागतील की नाही, ते दोघांनाही ठाऊक नाही.

मित्रांनो, धोक्याची खूण सोडलीत, तर दुसरं काहीही करण्याआधी ती परत बांधा. मला ओरडता येत नाही. मला एकच शब्द येतो, आणि आता तोही खरा राहिलेला नाही.